जुन्या लोखंडी कुलपावरची नक्षी हाताने घडवलेली आहे की ओतीव, कसं ओळखायचं?

नक्षीच्या आतल्या कडा बघा, कुलूप उघडता येत असेल तर मागची बाजूही बघा, बहुतेक वेळा तिथेच कळतं. हाताच्या कामात छिन्नी आणि कानशीच्या बारीक रेघा दिसतात, कडा धारदार असतात आणि डावीकडची वेल उजवीकडच्या वेलीशी तंतोतंत जुळत नाही, ओतीव कामात मात्र कडा गोलसर, पृष्ठभाग दाणेदार आणि कधीकधी साच्याच्या जोडाची रेघ राहिलेली असते. १५व्या-१६व्या शतकातल्या फ्रेंच गॉथिक (म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या शैलीतल्या) कुलपांमध्ये तर पत्र्याची जाळी कापून असे दोन-तीन थर एकावर एक रिव्हेटने बसवायचे, त्यामुळे चर्चच्या खिडकीसारखी खोली येते आणि बाजूने बघितलं की थर वेगळे दिसतात. हे काम खरंच थक्क करणारं आहे! फ्रान्समध्ये रुआंला फक्त लोखंडी कामाचं म्युझियम आहे, ल सेक दे तुर्नेल, त्यांच्या कुलपांचे फोटो झूम करून बघा म्हणजे नजर बसेल. फक्त एक लक्षात ठेवा, हाताने केलेलं म्हणजे जुनंच असं नाही, १९व्या शतकात गॉथिक पद्धतीची कुलपं परत हाताने बनवली गेलीत. आणि तपासायच्या आधी वायर ब्रशने घासू नका, हत्याराच्या खुणाच निघून जातात.