वाचक विचारतात : जुने ब्लॉग, त्यांचे पत्ते आणि बिघडलेली मराठी अक्षरं

प्रश्न : जिओसिटीजवर लोकांची स्वतःची पानं होतीच. मग ब्लॉगमध्ये असं नवीन काय होतं? (सोलापूर)

उत्तर : ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी तो ‘वी ब्लॉग’ असा तोडला आणि ‘ब्लॉग’ रूढ झाला. तोवर बरेच लोक एचटीएमएल फाइल हाताने उघडत, नवा मजकूर वर चिकटवत आणि फाइल एफटीपीने (सर्व्हरवर फाइली पाठवायची जुनी पद्धत) चढवत. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्जने ब्लॉगर आणलं आणि ही कटकट संपली. ब्राउझरमधल्या चौकटीत लिहायचं, बटण दाबायचं. ब्लॉगर ती नोंद साच्यात भरून तयार पानं तुमच्याच सर्व्हरवर एफटीपीने पाठवायचं. ही एफटीपीची सोय २०१० पर्यंत होती.

आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पर्मालिंक. मुख्य पानावर ताजी नोंद वर आणि जुनी खाली, त्यामुळे मुख्य पानाचा दुवा दिला तर आठवड्याने तिथे भलतंच काही असायचं. २००० पासून प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता मिळू लागला. सुरुवातीला तो संग्रहाच्या एका लांबलचक पानावरची खूण एवढाच असे. ब्लॉगरवर प्रत्येक नोंदीचं स्वतंत्र पान मे २००४ मध्ये आलं. पत्ता टिकतो म्हटल्यावर एकमेकांच्या लिखाणाला उत्तरं देता येऊ लागली, आणि पुढचं सगळं ‘सोशल’ त्यावर उभं राहिलं. प्रतिक्रियांची सोयही ब्लॉगरने मे २००४ मध्येच दिली. त्याआधी त्या बाहेरच्या सेवांकडून घ्याव्या लागत आणि ती सेवा बंद पडली की प्रतिक्रियाही जात. तेव्हाच्या कित्येक ब्लॉगवर लेख आहे पण खालचा वाद नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

प्रश्न : २००६ पासूनचा वर्डप्रेस ब्लॉग नव्या होस्टिंगवर हलवला. आता अक्षरांच्या जागी विचित्र रोमन चिन्हं दिसतात, काही नोंदींत नुसती प्रश्नचिन्हं. लेखन गेलं का? (नाशिक)

उत्तर : चिन्हं दिसतात तिथलं लेखन बहुतेक शाबूत आहे. प्रश्नचिन्हं आहेत तिथलं, निदान त्या प्रतीतून, गेलं.

आधी एक सांगतो : बिघडलेली नोंद संपादकात उघडून सेव्ह करू नका. कारण पुढे येईलच.

यूटीएफ-८ ही सगळ्या लिपींची अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘मराठी’ शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. हेच बाइट लॅटिन-१ (रोमन अक्षरांची जुनी पद्धत, एका बाइटला एक चिन्ह) समजून वाचले की प्रत्येक चिन्हाची तीन तुकड्यांत फोड होते : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, मग चार कोपऱ्यांना टोकं असलेलं चलनाचं गोल चिन्ह आणि तिसरं काहीतरी. दीर्घ वेलांटी आली की गोल चिन्हाच्या जागी येनचं चिन्ह येतं. हा नमुना दिसला तर रोग ओळखलाच म्हणून समजा.

तो असा होतो. सुरुवातीचं वर्डप्रेस मायएसक्यूएलला, म्हणजे लेखन साठवणाऱ्या डेटाबेसला, लिपी (बाइट कुठल्या पद्धतीने वाचायचे ते) सांगतच नसे आणि मायएसक्यूएल स्वतःहून लॅटिन-१ धरायचं. जाताना-येताना दोन्हीकडे तीच चूक, म्हणून पानावर मराठी नीट दिसायची. मे २००७ च्या २.२ आवृत्तीत वर्डप्रेसच्या कॉन्फिग (मूळ सेटिंगच्या) फाइलमध्ये लिपीची ओळ आली. नव्या होस्टिंगवरच्या नव्या कॉन्फिग फाइलमध्ये ती ओळ असते, जुन्या रकान्यांवर मात्र लॅटिन-१ चीच पाटी, म्हणून मायएसक्यूएल प्रामाणिकपणे रूपांतर करतं आणि सगळं फुटतं.

पूर्ण बॅकअप घ्या. मग डेटाबेसच्या टर्म्स तक्त्यात ‘मराठी’ नावाचा वर्ग असेल तर त्याची लांबी मायएसक्यूएलच्या ‘लेंग्थ’ने (बाइट) आणि ‘कॅर लेंग्थ’ने (चिन्हं) मोजा. १५ आणि ५ आलं तर सगळं ठीक. १५ आणि १५ म्हणजे बाइट बरोबर आहेत, रकान्यावरची पाटी चुकीची. ३१ आणि १५ म्हणजे हलवताना दुहेरी रूपांतर झालं. ५ आणि ५ म्हणजे पाच प्रश्नचिन्हं.

१५-१५ असेल तर कॉन्फिगमध्ये लिपी तात्पुरती लॅटिन-१ करून बघा, मराठी लगेच दिसेल. कायमच्या उपायासाठी रकाना आधी ब्लॉब करा (लाँगटेक्स्टचा लाँगब्लॉब, व्हारकॅरचा व्हारबायनरी), मग यूटीएफ८एमबी४ लिपी देऊन पुन्हा मूळ प्रकाराचा. ब्लॉब असताना मायएसक्यूएल बाइटना हात लावत नाही, म्हणून हा वळसा. तक्त्याची लिपी बदलणारी ‘कन्व्हर्ट टू’ ही आज्ञा सरळ चालवलीत तर १५-१५ चं ३१-१५ होऊन बसेल. शीर्षक, मजकूर, सारांश, प्रतिक्रिया आणि वर्गांची नावं हे रकाने विसरू नका. ३१-१५ साठी प्रत्येक रकान्याचा मजकूर आधी लॅटिन-१ मध्ये, मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४ असा क्रमाने फिरवावा लागतो. आधी एकाच नोंदीवर करून पाहा.

आता सेव्ह का करायचं नाही ते. ‘ठ’चा तिसरा बाइट लॅटिन-१ मध्ये न तुटणारी मोकळी जागा म्हणून वाचला जातो. संपादकाने किंवा एखाद्या प्लगइनने तिची साधी मोकळी जागा केली की ‘ठ’ कायमचा जातो. बाकी सगळं सावरलं आणि फक्त ‘ठ’ फुटलेला दिसला तर हेच घडलेलं असतं.

प्रश्नचिन्हांच्या नोंदींसाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून बघा. इथे पर्मालिंक अचूक माहीत असणं फार उपयोगी पडतं.

प्रश्न : ब्लॉगरवर मराठी शीर्षक दिलं की पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ येतं. वर्डप्रेसवर पत्ता मराठीत होतो, पण कुणाला पाठवला की टक्क्यांची रांग लागते. (पणजी)

उत्तर : ब्लॉगर पत्ता बनवताना रोमन नसलेली अक्षरं गाळतं. काहीच उरलं नाही तर ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा. वर्डप्रेस अक्षरं ठेवतं, पण प्रत्येक बाइट टक्का आणि दोन चिन्हं असा लिहिला जातो. म्हणजे देवनागरीचं एक चिन्ह ९ जागा खातं. ‘दिवाळीचा’ एवढ्यालाच ७२. मर्यादा २०० ची, त्यामुळे साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. प्रसिद्ध करण्याआधी पत्ता स्वतः रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा लिहा. आधी प्रसिद्ध झालेल्यांना मात्र हात लावू नका. लोकांनी दिलेले दुवे त्याच वेड्यावाकड्या पत्त्यांवर आहेत.

प्रश्न : गूगल रीडर बंद झाल्यावर आरएसएसला काही अर्थ उरला आहे का? माझं फीड तर उघडतच नाही. (ठाणे)

उत्तर : १ जुलै २०१३ ला रीडर हे वाचायचं साधन बंद झालं, फीड (ब्लॉगच्या नव्या नोंदी वाचकाकडे पोचवणारी यादी) नाही. नेटस्केपने मार्च १९९९ मध्ये काढलेली आरएसएसची कल्पना, डेव्ह वायनर यांनी २००२ मध्ये मांडलेली तिची २.० आवृत्ती आणि २००५ मध्ये प्रमाणित झालेला ॲटम हा फीडचा दुसरा प्रकार, सगळं आजही चालतं. वाचकाने तुमच्याकडे यावं यासाठी मध्ये कुठल्याही कंपनीची मर्जी लागत नाही, म्हणून फीड चालू ठेवाच.

फीड ही एक्सएमएल (ठरलेल्या खुणांमध्ये माहिती मांडायची पद्धत) फाइल असते आणि एक्सएमएल चूक खपवून घेत नाही. वर्डप्रेसवर नेहमी आढळणारा बिघाड म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला आलेली एक रिकामी ओळ. कॉन्फिग किंवा थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये पीएचपीची खूण बंद केल्यावर चुकून जास्तीचं एन्टर दाबलेलं असतं, तेच पुढे येतं. शेवटची ती बंद करणारी खूणच काढून टाका. दुसरं, आरएसएस फीड हाताने बनवत असाल तर नोंदीची तारीख इंग्रजी महिन्याने आणि इंग्रजी आकड्यांनीच लिहा, ‘१५ ऑगस्ट’ वाचक-सॉफ्टवेअरला कळत नाही. आणि प्रत्येक नोंदीची ओळख-खूण, म्हणजे ‘जीयूआयडी’, कधी बदलू नका. बदललीत तर दहा वर्षांच्या नोंदी सगळ्यांकडे नव्या म्हणून येऊन पडतील.

प्रश्न : सेटिंगमध्ये ट्रॅकबॅक, पिंगबॅक दिसतं. चालू ठेवू? (बडोदा)

उत्तर : ट्रॅकबॅक २००२ मध्ये मूव्हेबल टाइप या ब्लॉग-सॉफ्टवेअरने आणलं. ‘तुमच्या नोंदीवर मी लिहिलंय’ असा निरोप एका ब्लॉगने दुसऱ्याला पाठवायचा, पण निरोप खरा की खोटा हे तपासायची सोय नव्हती, त्यामुळे जाहिरातबाजांनी ते बुडवलं. तसाच निरोप देणारं पिंगबॅक समोरच्या पानावर खरंच दुवा आहे का ते पाहतं, तरी त्याचा वापर दुसऱ्याच्या साइटवर विनंत्यांचा मारा करायला झालाच. बंद करा. फक्त एवढं लक्षात ठेवा की वर्डप्रेसमधलं ते सेटिंग नव्या नोंदींपुरतंच असतं. जुन्या नोंदी यादीतून एकत्र निवडून ‘एकगठ्ठा संपादना’त वेगळ्या बंद कराव्या लागतात.