आवडत्या जुन्या कॉमिकचं मुखपृष्ठ चित्रकाराकडून पुन्हा काढून घ्यावं, की खरं आतलं पान विकत घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६०च्या दशकातल्या एका अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचं मुखपृष्ठ तुमच्या मनात घर करून आहे, त्याचं मूळ चित्र मिळणं आवाक्याबाहेरचं आहे, तर एखाद्या चित्रकाराकडून ते पुन्हा काढून घ्यावं, की तेच पैसे एखाद्या खऱ्या आतल्या पानात, म्हणजे कॉमिक छापण्यासाठी चित्रकाराने हाताने काढलेल्या मूळ पानात, घालावेत? आणि काढून घेतलंच, तर ते भिंतीवर लावता येईल का? मी बरीच वर्षं या दोन्ही गोष्टी करत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जीव त्या एकाच मुखपृष्ठात अडकला असेल तर काढूनच घ्या. दुसरं कुठलं पान घेऊन ती हौस भागत नाही. पण मूळ चित्राची जुळी प्रत मिळेल अशी अपेक्षा धरू नका. ज्या चित्रकाराला काम देताय त्याच्या हातचं चित्र म्हणूनच ते मागा, आणि ते तसं आहे हे त्याच कागदावर लिहून घ्या.

काम देण्याआधी खरी मूळ पानं कशी असतात ते एकदा नीट पाहून घ्या. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर त्यांचे मोठे स्कॅन फुकट बघता येतात. त्या काळच्या अमेरिकन कॉमिक्सची पानं काळ्या शाईतली असत. रंग कुठे कोणता भरायचा ते वेगळ्या कागदावर ठरत असे. पानं छापील आकारापेक्षा बरीच मोठी काढली जात. साधारण १९६७ पर्यंत चित्राचा भाग १२ बाय १८ इंचांच्या आसपास असे. त्यानंतर तो १० बाय १५ झाला आणि कागद ११ बाय १७ चा. जवळून पाहिलं तर अशा पानावर कामाच्या खुणाच खुणा दिसतात. एखादा हात आधी वेगळा काढून त्यावर पांढरा रंग मारलेला असतो, समासात संपादकाने पेन्सिलने सूचना लिहिलेली असते. वर कॉमिकच्या नावाची पट्टी चिकटवली होती तिथे रबर सिमेंट (कागद चिकटवायचा डिंक) पिवळं-तपकिरी पडलेलं असतं, आणि ती पट्टीच गळून पडली असेल तर त्या डागाचा नुसता चौकोन उरतो. मोठे काळे भाग छापील कॉमिकमध्ये सपाट दिसतात, पण मूळ पान तिरप्या उजेडात धरलं की त्यात कुंचल्याचे फटकारे दिसतात, कुठे शाई दाट, कुठे विरळ. मला ही पानं आवडतात ती यासाठीच.

आकाराचा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. तुमचं मुखपृष्ठ १९६७ च्या आधीचं असेल, तर बहुतेक चित्रकार आजच्या सवयीने ११ बाय १७ च्या कागदावर काढून देतील आणि ते मुळापेक्षा लहान होईल. शक्य असेल तर जुन्या मोठ्या आकारात मागा. थोडे जास्त पैसे पडतील, पण मोठ्या कागदावर कुंचल्याची रेष लांब, मोकळी येते, आणि चित्राचा सगळा डौल त्या रेषेत असतो.

आता चित्रकार कोण निवडायचा? आधी त्या मुखपृष्ठाची पेन्सिल कोणाची, म्हणजे चित्र कोणी काढलं, आणि त्यावर शाई कोणी चढवली ते शोधा. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या संकेतस्थळावर ही माहिती मिळते. पुष्कळदा दोघं वेगळे असतात. स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला ते १९६२ चं अमेझिंग फँटसी क्रमांक १५ घ्या. आतली गोष्ट स्टीव्ह डिटको यांनी काढली, पण मुखपृष्ठाची पेन्सिल जॅक कर्बी यांची आणि त्यावरची शाई डिटकोंची. त्याची नक्कल करताना चित्रकार नेमकं कोणाच्या मागे जाणार? देहाचा जोर कर्बींचा, रेषेचा पोत डिटकोंचा. ज्याला हा फरक दिसतो त्याला काम द्या. काम देण्याआधी त्याच्याशी एवढी एकच गोष्ट बोललात, तरी तो किती पाण्यात आहे ते कळतं.

मूळ कलाकार हयात असेल आणि अशी कामं घेत असेल, तर पहिला मान त्याचा. आपलंच जुनं मुखपृष्ठ पुन्हा काढण्याची परंपरा मोठी आहे. डोनाल्ड डकच्या गोष्टींचे कार्ल बार्क्स निवृत्त झाल्यावर १९७१ मध्ये डिस्नेच्या परवानगीने, चाहत्यांच्या मागणीवरून, बदकांची तैलचित्रं रंगवू लागले आणि त्यातली बरीच त्यांच्याच जुन्या मुखपृष्ठांवरून होती. १९७६ मध्ये ती परवानगी काढून घेतली गेली, कारण एका चित्राच्या प्रती कुणीतरी परस्पर छापून विकल्या. हा प्रसंग प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे: कागद तुमचा झाला तरी पात्राचे हक्क तुमचे होत नाहीत. स्वतःपुरतं एक चित्र काढून घेणं वेगळं आणि त्याच्या प्रती विकणं वेगळं. प्रती विकणारे स्वतः अडचणीत येतातच, पण चित्रकारालाही गोवतात. ईसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेचे अल फेल्डस्टाइन यांनीही निवृत्तीनंतर आपली भयकथांची मुखपृष्ठं पुन्हा रंगवली, तर कर्बींच्या पेन्सिलवर शाई चढवणारे डिक एअर्स उतारवयात त्या काळची मुखपृष्ठं पुन्हा काढून देत. एअर्स यांची ती चित्रं कुणी कर्बींच्या मूळ चित्राशी ताडून गुण द्यायला घेत नाही. त्या पिढीतल्या, त्या कामात स्वतः असलेल्या माणसाचा हात म्हणून ती घेतली जातात.

साठच्या दशकातली बहुतेक मंडळी आज नाहीत, तेव्हा तुम्हाला नंतरच्या पिढीतला कोणी तरी शोधावा लागेल. तिथे माझं मत ठाम आहे: नक्कल चांगली करणाऱ्यापेक्षा ज्याची स्वतःची रेष तुम्हाला आवडते तो निवडा. नक्कल कुठे फसते ते कर्बींच्या चित्रात सगळ्यात पटकन दिसतं. अवकाशातली ऊर्जा दाखवायला ते काळ्या ठिपक्यांचे पुंजके काढत. चाहते त्याला कर्बी क्रॅकल म्हणतात. मूळ चित्रात ते ठिपके एकमेकांवर चढतात, वेडेवाकडे होतात, मधली पांढरी जागा स्वतःच एक आकार बनते. गिरवणारा माणूस ठिपके मोजून, गोल, सारख्या अंतरावर मांडतो. सगळं जागच्या जागी असतं आणि तरी काहीच हलत नाही. प्रकाशपेटीवर (खालून उजेड येणाऱ्या काचेवर) ठेवून मांडणी उतरवून घेण्यात काही गैर नाही, बहुतेक जण तसंच करतात. पण शाई चढवताना हात स्वतःच्या वेगाने चालला पाहिजे. भीत भीत ओढलेली रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते. चित्रकाराची आधीची कामं बघताना चेहऱ्यांकडे नंतर बघा, आधी केस, कपड्यांच्या चुण्या आणि झग्याची किनार बघा.

काम सांगताना मोजकं सांगा. मुखपृष्ठाचा एक स्वच्छ स्कॅन द्या, मूळ चित्र कधी लिलावात आलं असेल तर त्याचाही द्या. आकार, कागद, कृष्णधवल की रंगीत, वरचं कॉमिकचं नाव आणि संवाद हवेत की नकोत, हे लेखी ठरवा. माझं सांगाल तर नाव काढून टाकायला सांगा. त्यामागे झाकली गेलेली जागा चित्रकाराला स्वतः भरावी लागते आणि तिथे तो खुलतो. कच्चा आराखडा एकदा बघायला मागा, बदल तेव्हाच सांगा. शाई चढल्यावर ‘डोळे जरा मोठे करा’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. पैशांचं सहसा असं असतं की काही आगाऊ आणि उरलेले पूर्ण चित्राचा स्कॅन पाहिल्यावर. नामांकित लोकांकडे प्रतीक्षा यादी असते, ती कधी उघडते आणि कधी बंद होते यावर लक्ष ठेवावं लागतं. अंदाजे तारीख विचारा आणि ती पुढे जाईल हे धरून चाला.

आता लिहून घेण्याबद्दल, कारण इथे मला फार कळकळ वाटते. चित्राच्या खालच्या समासात, पुढच्या बाजूला, शाईत असं लिहून घ्या: अमुक यांच्या अमुक मुखपृष्ठावरून, काढणार तमुक, साल. हेच पुन्हा मागे. काही चित्रकार मुळातली सहीसुद्धा चित्राचा भाग म्हणून उतरवतात. ती नको म्हणून सांगा, आणि असलीच तर तिच्या शेजारी त्यांची स्वतःची सही ठळक हवी. कॉमिक्स कोड ॲथॉरिटीचा (त्या काळी अमेरिकन कॉमिक्स तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेचा) शिक्का, संपादकाच्या खोट्या सूचना, चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद, असलं काही कुणी हौसेने करून देऊ लागला तर स्पष्ट नकार द्या. आज तुम्हाला सगळं माहीत आहे. पण चित्र तुमच्यानंतर कोणाच्या तरी हातात जाणार, सोबतची पत्रं आणि पावत्या हरवणार, आणि जुन्या आकारातलं, जुनं दिसणारं, मूळ सही असलेलं चित्र कोणीतरी खरं समजून विकत घेणार. चित्रकाराशी झालेला पत्रव्यवहार आणि काम चालू असतानाचे फोटोही जपून ठेवा.

खऱ्या पानाचा पर्याय तुम्ही विचारलात म्हणून त्याबद्दलही. पान प्रसिद्ध प्रसंगाचं असेल तर आतलं पानही मुखपृष्ठाइतकंच, कधी त्याहून महाग जातं. स्पायडर-मॅनच्या काळ्या पोशाखाचा उगम दाखवणारं, माइक झेक यांनी काढलेलं सीक्रेट वॉर्स क्रमांक ८ मधलं एक आतलं पान जानेवारी २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. त्याउलट, नावाजलेला नायक ज्यात नुसता बोलत उभा आहे किंवा मुळी नाहीच, असं पान त्याच चित्रकाराचं असूनही कितीतरी स्वस्त मिळतं. संग्रह सुरू करायला अशी ‘शांत’ पानं मला फार चांगली वाटतात, रेष शिकायला त्यांच्यासारखं काही नाही. घेताना छापील पानाशी ओळीने ताडून बघा आणि पान कोणाकडून कोणाकडे आलं ते विचारा. हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. एके काळी प्रकाशक ही पानं स्वतःचीच समजत; ती कलाकारांना परत देण्याची पद्धत १९७० च्या दशकात रुजू लागली, आणि कर्बींना तर मोठ्या वादानंतर १९८७ मध्ये त्यांच्या हजारो पानांपैकी जेमतेम दोनेक हजार परत मिळाली. मधल्या काळात बरीच पानं वाटेल तशी बाहेर गेली. अमेझिंग फँटसी १५ ची डिटकोंची २४ पानं मात्र २००८ मध्ये कोणीतरी नाव न सांगता लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. ती बाजारात कधीच येणार नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं.

अलीकडच्या कॉमिक्सचं वेगळंच आहे. ब्रायन बोलंड यांच्यासारखे दिग्गजही संगणकावर वळले, तेव्हा अशा मुखपृष्ठाचं कागदावरचं मूळ चित्र नसतंच. कधी पेन्सिल एका कागदावर आणि शाई त्या पेन्सिलच्या दुसऱ्या कागदावर निळ्या रंगात छापलेल्या प्रतीवर, म्हणजे एकाच पानाची दोन मूळ चित्रं. विकणाऱ्याने हे आपणहून सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

पैसे परत मिळण्याच्या हिशेबाने मात्र कमिशनकडे, म्हणजे असं सांगून काढून घेतलेल्या चित्राकडे, बघू नका. छापून आलेल्या पानाला जी किंमत येते ती त्याच चित्रकाराच्या खासगी कामाला सहसा येत नाही, आणि दुसऱ्याच्या मुखपृष्ठावरून काढलेल्या चित्राला तर आणखी कमी. तुम्ही जर विकायच्या विचाराने विचारत असाल, तर माझं वरचं उत्तर बदलेल: मग खरं पान घ्या.

भिंतीवर लावायचं असेल तर ते काम देतानाच ठरवा, कारण त्यावर साहित्य अवलंबून आहे. आम्लरहित ब्रिस्टल कागद (चित्रकामाचा जाड, गुळगुळीत कागद) आणि काळी इंडिया इंक असेल तर चित्र निर्धास्त टिकतं. साधे मार्कर मागे झिरपतात आणि वर्षांनी काळ्याचे तपकिरी होतात. अल्कोहोल मार्करचे सुंदर रंग उजेडात फिके पडतात. रंग हवाच असेल तर चित्रकाराला रंगद्रव्याचे, उजेडात टिकणारे रंग वापरायला सांगा. फ्रेमला अतिनील किरण अडवणारी काच, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून मधे आम्लरहित माउंट. थेट ऊन येतं त्या भिंतीवर तरीही नको.

मुखपृष्ठ नेमकं कुठलं आहे ते खाली लिहिलंत तर त्याची पेन्सिल-शाई कोणाची आणि आज त्या धाटणीत कोण चांगलं काम करतं, ते शोधायला मी नक्की मदत करेन.