निर्वासित प्रौढांना इंग्रजी शिकवायला परदेशात जायचंय, पण माझं बी.एड. नाही. जमेल का?

जमेल. माझंही बी.एड. नाही. मी ठाण्याला नौपाड्यात राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर अथेन्सला जाऊन अडीच महिने अफगाण निर्वासितांना शिकवून आले.

पहिल्या दिवशी हजेरी घेतली, तर एक आजोबा उठून म्हणाले, "हाजिर!" त्यांची दरी ही भाषा म्हणजे फारसीच, आणि मराठीत फारसी शब्द भरपूर. मग मी दुकान, बाजार, दरवाजा, जमीन, हवा म्हणत गेले आणि वर्ग हसायला लागला. असे शब्द जमवून जा, फार उपयोगी पडतात.

वर्गात एक जण इंजिनिअर, तर शेजारच्या बाई आयुष्यात शाळेत गेलेल्या नाहीत. त्या वही नेहमी आपल्या दृष्टीने मागच्या पानापासून उघडायच्या, कारण दरी उजवीकडून डावीकडे लिहितात. एकदा फॉर्म भरायला शिकवताना त्यांनी कुणाकडून तरी विचारून जन्मवर्ष लिहिलं, 1370. ते चूक नव्हतं. आपण शकात 78 मिळवतो, तसे त्यांच्या सौर हिजरी वर्षात 621 मिळवायचे (वर्षअखेरचा जन्म असेल तर 622). म्हणजे 1991. तो अख्खा तास आम्ही प्रत्येकाची जन्मतारीख लिहिण्यात घालवला. व्याकरण राहिलं, राहू दे.

एक मात्र कळकळीने सांगते. पुस्तकात सुरुवातीलाच 'माय फॅमिली'चा धडा असतो. तो घेऊ नका. मी घेतला आणि एक गृहस्थ पेन ठेवून निघून गेले, आठवडाभर आले नाहीत. डॉक्टर, बस, घरभाडं यांवर बोला. घरच्यांबद्दल त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा ते सांगतील.

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ग्रीसलाही तोच) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. स्वयंसेवक म्हणून जाताय हे अर्जात स्पष्ट लिहा. पंधरा दिवसांसाठी मुळीच जाऊ नका. त्या वर्गाची मी तिसरी शिक्षिका होते आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून सुरू झालेलं. संस्थेने पोलिसांचा दाखला मागितला नाही, तर तिथे जाऊ नका. तुमच्यानंतर वर्ग कोण घेणार, हेही आधीच विचारा.

तोवर इथेच सुरुवात करा. 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवकच शिकवतात. मी निघण्याआधी आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना शिकवलं. सही यायला त्यांना अकरा दिवस लागले, त्यातले चार नुसतं पेन नीट धरण्यात गेले.