डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहा

आपल्या पत्रातील हकिकत थोडक्यात अशी आहे : व्यवसायाचे संकेतस्थळ तीन वर्षांच्या करारावर एका होस्टिंग कंपनीकडे (संकेतस्थळे आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीकडे) आहे, ३० दिवसांच्या गेल्या महिन्यात ते सलग २६ तास बंद पडले, सुरू झाले तेव्हा अकरा दिवसांच्या ऑर्डरींची नोंद नाहीशी झाली होती. कंपनी एका महिन्याचे शुल्क माफ करायला तयार आहे, मात्र आपण दुसरीकडे जाण्याचा विषय काढताच ‘उरलेल्या मुदतीचे पैसे भरा, मग डोमेन सोडू’ असे उत्तर आले. भरपाई मिळेल का आणि पुढची कंपनी कशी निवडावी, हे आपण विचारले आहे. मी न विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेले सगळे त्यावर अवलंबून आहे : डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, नोंदीत नोंदणीधारक म्हणून नाव कोणाचे आहे?

ते आपले असेल, तर कंपनीची धमकी बव्हंशी पोकळ आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनना लागू असलेल्या आयकॅनच्या (डोमेनव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) नियमांनुसार नोंदणीधारकाने मागणी केल्यावर ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे हलवण्यासाठी लागणारा गुप्त संकेत, रजिस्ट्रारला (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला) पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो, आणि डोमेनचे स्वतःचे शुल्क भरलेले असताना होस्टिंगची थकबाकी हे हस्तांतर नाकारण्याचे मान्य कारण नाही. देशनिहाय डोमेनचे नियम वेगळे असतात, ते स्वतंत्रपणे पाहावेत. नोंदीत कंपनीचेच नाव असेल, तर मात्र हा मार्ग आपल्याला खुला नाही. अशा वेळी डोमेन आपल्यासाठी आणि आपल्या पैशाने घेतले गेले, हे बिलांवरून आणि ईमेलवरून सिद्ध करावे लागते. १९९९ पासून असलेली आयकॅनची तंटा-निवारण पद्धत येथे फारशी उपयोगी पडणार नाही, असे माझे मत आहे. तिच्यात नोंदणीच मुळात वाईट हेतूने झाली होती हे दाखवावे लागते, आणि आपल्या बाबतीत ती आपल्याच सांगण्यावरून झाली होती.

आता भरपाई. कंपनीने ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी दिली आहे, असे आपण कळवले आहे. या हमीत महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा आहे. २६ तास बंद राहिल्याने आपली उपलब्धता ९६.४ टक्क्यांवर येते, म्हणजे भंग उघड आहे. परंतु भंग सिद्ध होणे आणि नुकसान भरून मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अशा करारांत बहुधा ‘शुल्कातील सूट हाच एकमेव उपाय’ असे कलम असते, आणि जबाबदारीची कमाल मर्यादा अनेकदा मागील बारा महिन्यांत भरलेल्या रकमेइतकी असते. हे कलम वाचल्याशिवाय बुडालेल्या विक्रीचा आकडा नोटिशीत घालू नका. हरवलेल्या नोंदींचा मुद्दा मला अधिक सबळ वाटतो, पण तो करारात बॅकअप हे कंपनीचे कर्तव्य म्हणून लिहिले असेल तरच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा एका ग्राहकाचा बॅकअपही त्याच इमारतीत जळाला; पुढे २०२३ मध्ये लील येथील व्यापारी न्यायालयाने त्या ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या ग्राहकाने बॅकअपची सेवा पैसे देऊन घेतली होती, हे विसरू नये.

पुढची कंपनी निवडताना वेग आणि जागा यांची तुलना कोणीही करून देईल. आपण करारातील चार-पाच ओळी वाचा. बॅकअप किती वेळाने, कुठे आणि कोणाच्या जबाबदारीवर? नियोजित दुरुस्तीचा वेळ हमीतून वगळला आहे का? करार आपोआप नव्याने सुरू होतो का, आणि तो थांबवण्याची नोटीस किती दिवस आधी द्यायची? संपल्यावर आपला डेटा किती दिवस ठेवला जाईल? वाद कोणत्या ठिकाणच्या न्यायालयात चालेल? डोमेन या नव्या कंपनीकडून घेऊच नका; ते वेगळ्या रजिस्ट्रारकडे, आपल्या नावावर आणि आपल्या ताब्यातील ईमेलवर ठेवा, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा.

सध्या कंपनीला कडक पत्र पाठवू नका. आधी संकेतस्थळाच्या फाइली, डेटाबेस आणि ईमेल यांची पूर्ण प्रत स्वतःकडे उतरवून घ्या, नोंदणीधारकाच्या नोंदीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, आणि वाद चालू असताना डोमेनची मुदत संपणार नाही याची खात्री करा. मग आपण सही केली त्या दिवशी लागू असलेल्या अटींची प्रत लेखी मागा, कारण आपल्या संकेतस्थळावरच्या अटी कंपनीने मधल्या काळात बदललेल्या असू शकतात. ती प्रत हाती आली की उरलेल्या मुदतीच्या पैशांची मागणी कोणत्या कलमावर उभी आहे, ते सांगता येईल.