हॉलो-बॉडी (आतून पोकळ) गिटारला सनबर्स्ट (मधोमध फिकट, कडेला गडद होत जाणारा रंग) मारताना एफ-होलमधून (वरच्या लाकडातल्या f आकाराच्या भोकातून) रंग आत जाऊ नये म्हणून मास्किंग आणि टेम्प्लेट कसं करावं?

एफ-होलवर वरून टेप चिकटवू नका. भोकाच्या कडांनाही रंग लागायला हवा. गादीचा मऊ फोम भोकापेक्षा थोडा मोठा कापा, दाबून आत सरकवा आणि लाकडाच्या जाडीच्या खाली बसवा. फोमला दोरा बांधून टोक पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या) भोकातून बाहेर ठेवा, नाहीतर तो पोटात पडला की काढताना घाम फुटतो.

टेम्प्लेटसाठी पातळ कागद बॉडीवर ठेवून कडेने पेन्सिल घासा, आकार आपोआप उमटतो. तो कार्डशीटवर उतरवून सगळीकडून तीन-चार सेंटिमीटर आत कापा. टॉप (गिटारची वरची बाजू) कमानदार असेल तर जाड पुठ्ठा वाकत नाही, म्हणून पातळच घ्या. खाली फोमचे तुकडे लावून तो दीड-दोन सेंटिमीटर वर ठेवा. जितका उंच, तितकी रंगाची कड मऊ. बर्स्टची सगळी गंमत इथेच आहे, त्यामुळे आधी भंगार प्लायवर हात बसवा.

बाइंडिंगला (बॉडीच्या कडेच्या पट्टीला) बारीक टेप पुरते. थोडा रंग टेपखाली शिरलाच तर ब्लेडने हलकेच खरवडा. साधी टेप थिनरने सुटते, गाड्यांच्या पेंटिंगची घ्या. पुण्यात नाना पेठेत ऑटोच्या दुकानांत विचारा.

आणि पुण्याच्या पावसाळ्यात लॅकर मारायची घाई नको, दमट हवेत ते पांढुरकं पडतं.