घरामागं सह्याद्री असताना भारतात अजून काय बघायला जावं?

तुम्ही विचारलंय की कराडला राहतो, आई-वडील रिटायर झालेत, दरवर्षी एक मोठी ट्रिप करायची ठरवलीय, तर भारतात बघितलीच पाहिजेत अशी ठिकाणं सांगा, निसर्ग पण हवा आणि जुन्या वास्तू पण. मी सातारचा, सरकारी नोकरी, एलटीसीच्या (सरकारी नोकरांना मिळणाऱ्या प्रवास सवलतीच्या) कृपेनं आईला घेऊन बराच देश फिरून झालाय, त्यामुळं सांगतो. पण शिमला-मनाली-उटीची यादी नाही देणार, ती टूरवाला फुकट देतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण कुठून निघतोय ते आधी बघा. धबधबे म्हणाल तर ठोसेघर आहे, भांबवलीचा वजराई आहे. फुलं म्हणाल तर कासला लोक दिल्लीवरनं येतात. धुकं आणि स्ट्रॉबेरी महाबळेश्वरात, किल्ल्यांचं तर बोलूच नका. हेच सगळं बघायला दीड-दोन हजार किलोमीटर जायचं, तिथल्या कुठल्यातरी व्ह्यू पॉइंटला तासभर लाईनीत थांबायचं आणि परत येताना म्हणायचं की आपलं ठोसेघरच बरं होतं, यात काय मजा आहे? जोगचा धबधबा उंचीला २५३ मीटर आहे हे खरं, पण शरावतीवर वर लिंगनमक्कीचं धरण बांधलंय, पावसाळा सोडून गेलात तर पाण्याच्या चार रेघा बघून यायला लागतं.

आपल्याकडं एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे दगड. अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड, वाईचे घाट, मेणवली, सगळा एकच काळा दगड. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत आला आणि त्याचाच हा सह्याद्री झाला, म्हणून तर डोंगराच्या अंगावर त्या आडव्या पट्ट्या आणि डोक्यावर सपाट पठार. आपला डोळा याला इतका सरावलेला असतो की डोंगर म्हटलं की असाच असणार असं वाटतं. म्हणून मी सांगतो, जिथं दगड बदलतो तिथं जावा.

पहिला नंबर हंपी. कोल्हापूरवरनं मिरजमार्गे तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस होस्पेटला सोडते, तिथनं हंपी बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे तुम्हाला तर मिरजेला गाडीत बसलं की झालं. तिथला ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा. आपल्यासारखे सलग डोंगर नाहीतच, नुसते गोल गोल धोंडे एकावर एक, काही घराएवढे, आणि असे टेकलेत की बघूनच आपण दोन पावलं मागं सरकतो. त्या धोंड्यांच्या मधनं तुंगभद्रा वाहते (पुढं आपल्याच कृष्णेला मिळते ती) आणि दोन्ही काठाला विजयनगरची राजधानी पडलीय, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर उजाड झालेली. पन्नासच्या नोटेमागचा दगडी रथ इथल्या विठ्ठल मंदिराच्या अंगणातला. पण आई रथाकडं बघेना, ती सरळ गाभाऱ्यापाशी गेली. गाभारा रिकामा आहे. पांडुरंग इथं आणला होता आणि संत भानुदासांनी तो परत पंढरपूरला नेला असं आपल्याकडं कीर्तनात सांगतात ना, ते तिला माहिती होतं, तिनं तिथल्या गार्डला पण मराठीतनंच सांगितलं आणि त्यानं पण कानडीत मान डोलवली. विरूपाक्षाच्या मंदिरात मात्र आजही पूजा चालू आहे. विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीवरची गाडी मिळते त्यामुळं म्हाताऱ्या माणसांना त्रास नाही, मातंग टेकडीवर सूर्योदयाला तुम्ही एकटे जावा आणि नदीपलीकडच्या अंजनाद्रीच्या पायऱ्या पाचशेच्यावर आहेत तेव्हा गुडघ्यांचा विचार करून ठरवा. उन्हाळ्यात अजिबात जाऊ नका, ते धोंडे रात्री पण तापलेले असतात.

त्याच फेरीत बदामी-पट्टदकल होतं, तिथं लाल वालुकाश्म, सहाव्या शतकातली चालुक्यांची लेणी आणि खाली तळं. एवढ्यासाठी एक दिवस काढाच. स्वतःची गाडी असेल तर येताना जतवरनं या आणि विजापूरचा गोल घुमट बघा, वरच्या सज्जात कुजबुजलं तरी समोरच्या माणसाला ऐकू जातं, फक्त सकाळी सकाळी जावा, शाळांच्या सहली आल्यावर नुसता कालवा.

तामिळनाडू लोक नुसतं रामेश्वर-कन्याकुमारी करतात. तंजावर सोडू नका. बृहदीश्वराचं मंदिर राजराज चोळानं बांधलं, १०१० च्या सुमाराचं, अख्खं ग्रॅनाइटचं, शिखर दोनशे फुटांच्या वर. आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर तंजावरच्या मराठा सरफोजी राजांनी १८०३ मधे भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. घरापासनं हजार किलोमीटरवर मराठी शिलालेख! गाईड बहुतेक वेळा तिकडं नेत नाही, आपण होऊन विचारायला लागतं. जिंजीचा किल्ला पण त्याच बाजूला. रायगड पडल्यावर राजाराम महाराज तिथं होते, मोगलांचा वेढा वर्षानुवर्षं चालला, १६९८ मधे किल्ला पडला आणि त्यानंतर साताऱ्याला राजधानी आली, म्हणजे आपलं गाव राजधानी झालं त्याच्या आधीचा धडा तिथं आहे. २०२५ मधे युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले घेतले त्यातला महाराष्ट्राबाहेरचा एवढा एकच. किल्ल्याचं मी सुरुवातीला नको म्हटलं होतं ते याला लागू नाही. चढ मात्र छातीवरचा आहे, आई-वडिलांना खालचं बघू द्या.

जबलपूरजवळ भेडाघाट. इथं नर्मदेनं संगमरवर कापलाय, दोन्ही बाजूला पांढरे, मधेच पिवळट, गुलाबी, काळे कडे आणि मधनं नाव. नावाडी पूर्ण वेळ यमक जुळवून कॉमेंट्री करत असतो, सिनेमातल्या हिरो-हिरोइनी कुठं उभ्या होत्या ते सगळं, वैताग येत नाही उलट आई त्याला परत म्हणायला लावत होती. धुआंधार धबधबा शेजारीच. पावसाळ्यात नाव बंद असते, आणि मोठा पूर आला की सगळी घळ भरून धबधबाच बुडतो, त्यामुळं दिवाळीनंतर जावा.

कच्छचं रण डिसेंबर-जानेवारीत आणि शक्यतो पौर्णिमेच्या आसपास. पावसाळ्यात तिथं पाणी असतं, ते आटलं की मीठ उरतं, क्षितिजापर्यंत. आपल्या नजरेला कुठंतरी डोंगर लागतोच, तिथं काहीच लागत नाही, पहिली पाच मिनिटं चक्क कससंच होतं. परमिट लागतं, रस्त्यातच मिळतं. जवळच काळा डुंगर आहे, वर दत्ताचं देऊळ, औदुंबर-वाडीला जाणाऱ्या आपल्या लोकांना बरं वाटेल. जास्तीचा दिवस असेल तर धोळावीरा, पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी वाळवंटात पाणी साठवायला केलेले हौद बघून आपल्या जलसंधारणवाल्यांनी धडा घ्यावा. आणि जाता-येता पाटणची राणी की वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर (आपलं कोयनेचं पाटण नव्हे, गुजरातचं). शंभरच्या नोटेवर आहे ती. पण त्याआधी लिंबची बारा मोटेची विहीर बघून घ्या, साताऱ्यापासनं इतक्या जवळ असून निम्म्या सातारकरांनी ती बघितलेली नसते.

मेघालय तरुण पाय असतील तरच पूर्ण होतं. रबराच्या झाडाची मुळं ओढ्यावरनं पलीकडं वळवत नेऊन खासी लोक पूल वाढवतात, बांधत नाहीत, एक पूल तयार व्हायला काही दशकं जातात. नोंगरियाटचा दुमजली पूल फेमस आहे पण तीन हजारांच्यावर पायऱ्या, उतरताना गंमत आणि चढताना आजोबा-पणजोबा आठवतात. वडीलधाऱ्यांना मावलिन्नोंगजवळचा रिवाईचा पूल दाखवा, थोडक्यात होतो. चुनखडीच्या गुहा पण तिथंच.

लडाख शेवटी ठेवा असं मी म्हणेन. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला टँकर, हे ज्यानं बघितलंय त्याला डोंगराआड पाऊस कसा अडतो हे वेगळं सांगायला नको, लडाख म्हणजे तेच, फक्त अडवणारा डोंगर हिमालय आहे. लेहला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर. पण लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे, आई-वडिलांची तपासणी करून, डॉक्टरांना विचारून मगच तिकीट काढा आणि पोचल्यावर दोन दिवस नुसतं झोपायचं, पँगाँग बिंगाँग नंतर. मॅग्नेटिक हिलला गाडी चढावर आपोआप जाते म्हणतात, तो दृष्टिभ्रम आहे, फोटो काढायचा आणि पुढं निघायचं.

आपल्याच काळ्या दगडातलं बघायचं तर दोनच सांगतो. वेरूळचं कैलास, डोंगर वरनं खाली कोरत आणलाय. आणि लोणार, जिथं उल्का पडून जवळजवळ दोन किलोमीटर रुंद खड्डा झालाय, पाणी खारट, २०२० च्या जूनमधे गुलाबी झालं होतं म्हणून टीव्हीवर आलं तेच. दोन्ही एका ट्रिपमधे होतात आणि औरंगाबादला राहायची सोय चांगली आहे.

रेल्वेचं रिझर्वेशन आता साठ दिवस आधीच उघडतं, दिवाळीच्या सुट्टीत हंपी करायचं असेल तर गणपती बसायच्या सुमारालाच मोबाईलवर लक्ष ठेवा, आणि आई-वडिलांसाठी लोअर बर्थ टाकायला विसरू नका. होस्पेटला राहायचं का हंपीतच ते त्यांच्या खाण्यापिण्यावर ठरवा, चपाती-भाजी लागत असेल तर होस्पेट बरं.