चार्टवर नुसतं ‘जुलाब ३ वेळा’ लिहू नकोस

तू लिहिलंयस की मेडिकल वॉर्डात महिनाच झालाय, जुलाब, उलट्या, बद्धकोष्ठाचे पेशंट रोज येतात आणि सलाईन-औषधांपलीकडे आपण नेमकं काय बघायचं ते कळत नाही. माझं उत्तर एका शब्दात : शी. फेकण्याआधी स्वतः बघायची.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक आजी होत्या, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या जातीचं औषध चालू. डायपरला दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं पातळ लागायचं. सगळ्या शिफ्टनी ‘जुलाब’ लिहिलं, मीही लिहिलं, आणि ऑर्डरप्रमाणे जुलाब थांबवायची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी सीनियर सिस्टरनी पोटावर हात ठेवला. डावीकडे खाली टणक लागलं. घट्ट शीचा खडा आत अडकलेला आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपत होतं. म्हणजे बद्धकोष्ठाच्या बाईला आम्ही बद्धकोष्ठ वाढवणारंच औषध देत होतो! तेव्हापासून झोपून असलेला पेशंट आणि थोडीथोडी गळती दिसली की मी आधी विचारते, शेवटची घट्ट, नीट शी कधी झाली होती?

दुसरी गोष्ट रंगाची. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्यामुळे लगेच घाबरू नकोस. पण डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची असेल तर वर, जठराच्या बाजूला कुठेतरी रक्त जातंय. नाडी आणि बीपी घेऊन तिथल्या तिथे डॉक्टरांना कळव, राउंडची वाट बघू नकोस. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं दिसलं तरी तेच.

लिव्हरच्या पेशंटचं मात्र उलटं. लॅक्टुलोज (आजारी लिव्हरला न झेपणारी घाण शौचावाटे बाहेर काढणारं औषध) घेणाऱ्याला दिवसात २-३ मऊ शौच व्हायलाच हवेत, ते औषध त्यासाठीच आहे. ‘जुलाब होतायत’ म्हणून कुणी डोस वगळला की दुसऱ्या दिवशी तोच माणूस झोपाळलेला, तारीख विसरलेला, हात थरथरणारा सापडतो. पाण्यासारखे होत असतील तर डोस कमी करायचं डॉक्टर ठरवतील, आपण परस्पर नाही.

खऱ्या जुलाबांत मी सलाईनच्या बाटलीपेक्षा लघवी जास्त बघते. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा मिली तरी हवी, म्हणजे ६० किलोला ३० मिली. ओआरएस प्यायला दिलं आणि उलटून पडलं तर दहा मिनिटं थांब, मग चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू कर. ग्लासभर एकदम दिलंस तर परत बाहेर येणार.

अँटिबायोटिक चालू असताना जुलाब सुरू झाले तर सॅनिटायझरवर विसंबू नकोस. अशा जुलाबांमागे सी-डिफ (क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल) हा जिवाणू असू शकतो आणि त्याचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत, साबण-पाणीच लागतं. कातडीही सांभाळ : चोळायचं नाही, टिपून कोरडं करायचं आणि झिंक ऑक्साइडचा थर लावायचा.

आणि चार्टवर वेळ, रंग, किती, घट्ट की पातळ, हे चारही लिही. नाइटची सिस्टर त्यावरच चालते.